चौथा गिअर

नेब्रास्कात, वाळूच्या टेकड्या संपतात तिथे
डेल्मर व्हर्बकाचं पत्र्याचं गॅरेज.
त्या हिवाळ्यात मी तिथे सुटे भाग धुवायचो,
सतरा वर्षांचा, नखांत लाल तेल,
तोंडात नको तितकी मतं.

आयोला टीट्झ एकोणसत्तर सालचा ट्रक घेऊन आली,
म्हणजे ट्रक आला साखळीला बांधून
आणि ती पुढच्या गाडीतून उतरली, काठी टेकत.
डावा गुडघा आता स्टीलचा.
"क्लच म्हणतो दाब, गुडघा म्हणतो तूच दाब.
ऑटोमॅटिक बसवून दे. कोणता, ते तू सांग."

हे डेल्मरला विचारायचं नसतं.
दुपार जाते.
फळीवर चार सांगाडे होते,
ते त्याने दाखवले स्थळं दाखवावीत तसे:

"हा पॉवरग्लाइड. गिअर दोनच.
एक निघायला, एक जायला,
मधलं काही विचारायचं नाही.
हा साडेतीनशे. कुणाच्या अध्यात ना मध्यात,
भाग कुठल्याही भंगारात सापडतील.
आणि हा चारशे. बैल आहे बैल.
गुरांनी भरलेला ट्रेलर चढावर ओढेल,
फक्त इंजिनाच्या ताटातला मोठा घास
आधी स्वतः खाईल."

चौथ्यापाशी तो थांबला.
गालात तंबाखू सरकवली.
"हा सातशे-आर-चार. ह्याला वरचा एक गिअर जास्त.
पण कार्ब्युरेटरपासून खाली येणारी ही केबल बघ,
शिवायच्या दोऱ्याहून थोडी जाड.
ही ढिली राहिली
तर गावाची वेस ओलांडेपर्यंत आतलं सगळं कोळसा.
चारशे घे. नातवंडांना पुरेल."

"नातवंडं नाहीत," आयोला म्हणाली. "पियानो आहेत.
एकशे बारा. चर्चमधले, शाळांमधले,
एक तर बंद पडलेल्या बँकेत.
दोन तास हे इंजिन कानात ओरडतं,
मग मी पहिली पट्टी दाबते
आणि वाजतो तो सूर पियानोचा की ट्रकचा,
मलाच कळत नाही, डेल्मर.
मागच्या महिन्यात एक अख्खं चर्च
मी ट्रकच्या सुरात लावून आले."

डेल्मरने बोटांवर हिशेब केला.
साठच्या वेगाला तीन हजार फेरे.
चौथ्यात एकवीसशे.
"नऊशे कमी," तो पुटपुटला,
जणू कुणी त्याच्याकडे नऊशे डॉलर उसने मागितले होते.

अकरा दिवस लागले.
मागचा दांडा कापून आखूड केला,
क्लचचं पेडल मी काढलं.
त्याचं रबर एका बाजूने झिजलेलं,
तिच्या बुटाच्या आकारात.
ते फेकायला सांगितलं होतं. फेकलं नाही.

केबल लावायच्या दिवशी डेल्मरने प्रेशरचं गेज जोडलं
आणि आयोलाला शेजारी बसवलं, उगाच, सोबत म्हणून.
तिने डोळे मिटले.
"उशीर," ती म्हणाली. "दुसऱ्यात जाताना धक्का बसला."
डेल्मरने खाली वाकून एक दाता सैल केला.
"आता फार मऊ. घसरतोय."
डेल्मर म्हणाला, काटा तर बरोबर आहे.
"काटा ऐकत नाही," आयोला म्हणाली.
मग काटाही जागचा हलला, खाली,
आणि डेल्मरने मान वर न करता
अर्धा दाता परत घट्ट केला.
मला त्याने असं कधी गप्प बसू दिलं नसतं.

ती निघाली तेव्हा उजाडत होतं.
डावा पाय सवयीने रिकाम्या जमिनीवर दाबला गेला,
ती हसली, स्वतःला काहीतरी म्हणाली.
मी दारात उभा राहिलो.
पहिल्यातून दुसरा, डाकघरापाशी.
दुसऱ्यातून तिसरा, धान्याच्या कोठारापाशी,
लोणी कापावं तसा.
मग पूल, मग पुलापलीकडचा सपाट रस्ता,
आणि मी मान वळवून, श्वास धरून—

"काय ऐकतोयस?" डेल्मर आतून म्हणाला.
"तो ऐकू आला
तर ती परत घेऊन येईल."